कांचनजंगेचीं लेंकरें

दर वर्षीं चैत्रांत आमच्या घरीं वर्षाचा गोडा मसाला होतो. धने, तीळ, खोबरें, दगडफूल, नागकेशर असे जिन्नस अंगणांत उन्हांत मांडलेले असतात, आणि घरांतील मुलें त्यांच्याभोंवतीं घोटाळत असतात. यंदा धाकट्या नातवानें त्यांतील एक काळपट, सुरकुतलेलें फळ उचलून नाकाशीं नेलें आणि विचारलें, "आजोबा, ह्याला धुराचा वास कां येतो?" तें फळ म्हणजे मसाल्याची मोठी वेलची. "मसालाच तो, वास यायचाच," असें म्हणून मीं वेळ मारून नेली असती. परंतु पस्तीस वर्षें मास्तरकी केलेल्या माणसाला स्वतःच्या अज्ञानाची थोडी लाज वाटते. त्यांतच सूनबाई हंसून म्हणाली, "मामंजी, आतां उत्तर द्याच." मीं चार पुस्तकें उघडलीं. त्या धुराचा माग काढतां काढतां ज्या लोकांपर्यंत जाऊन पोंचलों, त्यांची हकीकत ह्या मासिकाच्या वाचकांनाही आवडेल असें वाटल्यावरून हा लेख लिहिला आहे.

आपल्या घरांतील हिरवा वेलदोडा दक्षिणेकडील, मलबार-कुर्गच्या रानांतला. ही मोठी वेलची त्याची चुलत बहीण. तिचें माहेर पूर्व हिमालय. सिक्कीम व दार्जिलिंगच्या डोंगरांत ओढ्याकांठची जमीन जेथें बारमास ओली असते आणि उतीस नांवाच्या झाडांची सांवली असते, तेथें ती होते. फळें झाडाच्या शेंड्याला नव्हे, तर बुंध्याशीं, मातीला टेंकून लागतात. साधारणतः भाद्रपदापासून कार्तिकापर्यंत तीं घोंसाघोंसानें कापतात. पाऊस आणि धुकें यांमुळें तेथें ऊन भरंवशाचें नसतें, म्हणून खालीं लांकडें पेटवून भट्टीवर वाळवितात. नातवाच्या नाकाला लागला तो त्या भट्टीचा धूर. रानांतील ही वनस्पति प्रथम ओळखून तिची लागवड करणारे लोक म्हणजे सिक्कीमचे मूळ रहिवासी लेपचा, असें मानलें जातें.

'लेपचा' हें नांव त्यांना शेजाऱ्यांनीं दिलेलें आहे. ते स्वतःस 'रोंग' म्हणवितात. आणि अधिक प्रेमानें बोलावयाचें झाल्यास 'मुतन्ची रोंगकुप रुमकुप', म्हणजे निसर्गमातेचीं व देवाचीं लाडकीं लेंकरें. आपल्या भूमीला ते 'मायेल ल्यांग' म्हणतात. सिक्कीम, दार्जिलिंग व कालिंपोंगचे डोंगर, नेपाळांतील इलाम आणि भूतानचा नैर्ऋत्य कोपरा एवढ्या टापूंत ते विखुरलेले आहेत. २०११ च्या जनगणनेंत लेपचा ही मातृभाषा सांगणारे सबंध भारतांत सुमारें ४७ हजार निघाले. दहा वर्षांपूर्वीं ते ५० हजारांवर होते. आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गांवांत मावेल एवढी ही वस्ती, आणि तीही ओसरत चाललेली.

त्यांचा इतिहास थोडक्यांत सांगण्यासारखा आहे. कारण तो बहुतेक दुसऱ्यांनीं केलेला आहे. उत्तर सिक्कीमांत काबी लुंगचोक येथें उभे दगड आहेत. थेकोंग तेक हा लेपचांचा वडीलधारा पुरुष आणि ख्ये बुम्सा हा तिबेटी सरदार यांनीं तेथें रक्ताची शपथ घेऊन बंधुत्व जोडलें, अशी परंपरा आहे. त्या बुम्साच्या वंशांतील फुंत्सोग नामग्याल १६४२ सालीं युक्सोम येथें सिक्कीमचा राजा झाला. दोघे भाऊ झाले खरे, पण एकाच्या वंशाकडे राज्य गेलें आणि दुसऱ्याच्या वंशाकडे रान राहिलें! १८३५ सालीं दार्जिलिंग इंग्रजांकडे गेलें, चहाचे मळे आले, मळ्यांमागून नेपाळकडील कष्टाळू शेतकरी व मजूर आले, आणि मूळचे धनी आपल्याच डोंगरांत थोडके ठरले. १९७५ सालीं सिक्कीम भारतांत सामील झालें. उत्तरेकडे झोंगू नांवाचा एक टापू मात्र लेपचांसाठीं राखून ठेवलेला आहे. तेथें बाहेरच्या माणसाला परवान्यावांचून जातां येत नाहीं आणि जमीनही विकत घेतां येत नाहीं.

ह्या लोकांची पहिली ओळख जगाला झाली ती त्यांच्या वनस्पतिज्ञानामुळें. जोसेफ हूकर हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १८४८ सालीं त्या डोंगरांत आला, तेव्हां वाटाडे आणि सोबती म्हणून लेपचा मंडळी त्याच्याबरोबर असत. त्यांचा आनंदी व सौम्य स्वभाव पाहून तो त्यांच्या प्रेमांत पडला. झाड, वेल, पांखरूं, किडा, कांहींही दाखवा, लेपचा भाषेंत त्याला स्वतःचें नांव आहे. कोणतें खावयाचें, कोणतें औषधाचें, कोणतें विषारी, हें पोरासोरांनाही ठाऊक असे. हें वाचतांना मला माझी पाठशाळा आठवली. गुरुजींनीं आम्हांकडून अमरकोशांतील वनौषधिवर्ग घोकून घेतला होता, आणि तो आजही मला न अडखळतां म्हणतां येतो. परंतु त्यांतील दहा झाडें रानांत दाखवा असें कोणीं म्हटलें, तर मला खालीं मान घालावी लागेल. त्यांच्याजवळ कोश नव्हता, झाडें होतीं. आमच्याजवळ कोश राहिला.

जुन्या पद्धतीचें लेपचा घर लांकूड, बांबू आणि गवत यांचें. घराचे खांब जमिनींत पुरीत नाहींत, तर सपाट दगडांवर नुसते उभे करतात. जमीन हालली म्हणजे घर दगडांवर थोडें सरकतें, डोलतें, पण मोडून पडत नाहीं. तो सर्व प्रदेश भूकंपाचा. १८ सप्टेंबर २०११ च्या मोठ्या भूकंपांत तर झोंगूला फारच तडाखा बसला. खालच्या मोकळ्या जागेंत गुरें, डुकरें, कोंबड्या, वर माणसें, आणि मध्यभागीं चूल, जिच्यावर मका, मांस व इतर चीजवस्त धुरांत वाळत टांगलेली.

पुरुषांचा पोषाख म्हणजे 'दुम्प्रा', एक पट्ट्यापट्ट्यांचें रंगीत वस्त्र. तें एका खांद्यावर अडकवून कमरेला बांधतात, आणि कमरेला 'बान' नांवाचा लांब सुरा. स्त्रिया पायघोळ 'दुम्देम' नेसतात व आंत 'तागो' नांवाची सैल चोळी घालतात. पूर्वीं हें वस्त्र रानांतील खाजऱ्या झुडपाच्या तंतूंचें विणीत. जें हाताला लागलें कीं आग होते, त्याचा सोट काढून, उकळून, कुटून त्यांतून अंगभर वस्त्र काढणारी गृहिणी कोणत्या धीराची असेल, ह्याचा विचार वाचकभगिनींनीं करावा. वेत व बांबू यांची त्यांची टोपी इतकी बारीक विणलेली असते कीं ती एक पुरी करण्यास पुष्कळ दिवस लागतात. हें काम करणारे हात आतां थोडे राहिले आहेत. मंगन जिल्ह्यांतील जॉर्डन लेपचा ह्या कारागिरास २०२४ सालीं पद्मश्री मिळाली, ती ह्याच विद्येबद्दल.

त्यांच्या खाण्यापिण्याची एक गोष्ट सांगितली तर कांहीं वाचक कपाळाला आठ्या घालतील. परंतु ती टाळून लेपचांविषयीं लिहिणें म्हणजे तुळशीवांचून वैष्णवाविषयीं लिहिणें होय. ती म्हणजे 'ची'. आपली नाचणी शिजवून, आंबवून, बांबूच्या उभ्या पात्रांत भरतात, वरून ऊन पाणी ओततात, आणि बारीक बांबूच्या नळीनें सावकाश ओढून पितात. जन्म, लग्न, मरण, पेरणी, पाहुणा, भांडणाचा निवाडा, कांहींही असो. आधीं ची देवाला आणि मग माणसांना. आम्हां लोकांना हें रुचणार नाहीं. पण सोमसवनाचीं वर्णनें ज्यांनीं वाचलीं आहेत, त्यांनीं नाक फार वर करूं नये, एवढेंच मी म्हणेन.

मला स्वतःला सर्वांत नवल वाटलें तें त्यांच्या कुळांचें. 'पुत्सो' म्हणजे त्यांचें कूळ. प्रत्येक कुळाचें आपलें एक हिमशिखर असतें, एक सरोवर असतें आणि एक गुहा असते. आपण संध्येच्या वेळीं गोत्र-प्रवर उच्चारतों, तेव्हां ऋषींचीं नांवें घेतों. लेपचा आपलें कूळ सांगतो तेव्हां त्याच्या डोळ्यांसमोर डोंगर व पाणी असतें. शिवाय जुन्या चालीप्रमाणें मुलगा बापाच्या कुळाचा, परंतु मुलगी आईच्या कुळाची. हें मीं जेवतांना वाचून दाखविलें, तेव्हां वाढतां वाढतां सूनबाई थबकली. "म्हणजे आईची आई, तिची आई, सगळ्या जणी मुलीच्या कुळांत राहतात तर!" ती म्हणाली. आमच्या सौ. पुढें कांहीं बोलल्या नाहींत, पण त्या दिवशीं संध्याकाळीं त्यांनीं आपल्या आजीच्या माहेरचें आडनांव आठवून पाहिलें, आणि तें त्यांना आठवेना.

विवाहाचा निषेधही आपल्या सापिंड्याच्या जवळचा आहे. आपल्या स्मृतिकारांनीं बापाकडून सात व आईकडून पांच पिढ्या वर्ज्य सांगितल्या. जेफ्री गोरर नांवाचा इंग्रज अभ्यासक १९३७ सालीं झोंगूंतील लिंगथेम गांवीं कांहीं महिने राहिला होता; तो लिहितो कीं, लेपचांत बापाकडून नऊ व आईकडून चार पिढ्यांच्या आंत विवाह होत नाहीं. ह्यावरून कोणी कोणाचें उचललें असा तर्क लढविण्याचें कारण नाहीं. थोडक्या माणसांच्या डोंगरी वस्तींत नऊ पिढ्यांचा हिशेब तोंडीं ठेवणें हीच मोठी विद्या आहे. तो हिशेब ठेवणारीं म्हातारीं माणसें असेपर्यंतच ती टिकते.

गोररचें १९३८ सालीं प्रसिद्ध झालेलें पुस्तक ज्या एका गोष्टीसाठीं पुढें पुष्कळ वाचलें गेलें, ती म्हणजे ह्या लोकांची भांडणाविषयींची नावड. रागाला व चढाओढीला त्यांच्यांत मान नाहीं. दोघांचें बिनसलें तर वडीलधारी मंडळी मध्यें पडतात, ची ठेवतात आणि समेट करतात. गोररला ह्याचें इतकें कौतुक वाटलें कीं तें वाचतांना थोडा संशय येतो. पाहुण्यापुढें कोणतें घर भांडतें? तरी मुळांत तथ्य असावें, कारण त्यांच्याविषयीं लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण हेंच सांगतो. दुखणें काय, कलह काय, सर्व 'मुंग' नांवाच्या दुष्ट शक्तींचें काम, अशी त्यांची समजूत. अपराध माणसाच्या माथीं न मारतां मुंगाच्या माथीं मारला, म्हणजे समेट सोपा जात असेल.

ह्या मुंगांना आवरणारे दोन प्रकारचे उपाध्याय असतात. एक 'बोंगथिंग', तो पुरुष. दुसरी 'मुन', ती बहुधा स्त्री. झोंगूंतील बहुतेक लोक आज बौद्ध आहेत, कालिंपोंगकडे ख्रिस्ती झालेलेही पुष्कळ. तरी अनेक घरांत लामाच्या पोथीबरोबर मुनचा विधिही चालतो. मुनचें मोठें काम माणूस मेल्यानंतरचें. इत्बू-मू ह्या सृष्टिमातेनें कांचनजंगेच्या निर्मळ हिमाचें पहिलें जोडपें घडविलें, फोडोंगथिंग आणि नाझोंगन्यो, अशी त्यांची उत्पत्तिकथा आहे. जें हिमांतून आलें तें हिमाकडेच परतावयाचें. मुन मृताच्या जीवाला हांक मारते, आणि नदीच्या उगमाकडे, शिखरांच्या पायथ्याशीं असलेल्या पितरांच्या ठिकाणीं, टप्प्याटप्प्यानें वाट दाखवीत पोंचविते. झोंगूंतील रंगयोंग नदी ही लेपचांची ही परलोकाची वाट. आपण अस्थि प्रवाहाबरोबर खालीं सोडतों. त्यांचा जीव प्रवाहाच्या उलट वर जातो.

कांचनजंगेच्या पलीकडे 'मायेल' नांवाची एक गुप्त दरी आहे अशीही श्रद्धा आहे. तेथील माणसें सकाळीं बालक, दुपारीं तरुण आणि सायंकाळीं वृद्ध असतात, व पहांटे पुन्हां बालक होतात. धान्यांचें बीं प्रथम तेथूनच आलें. आणि पेरणीची वेळ झाली कीं तेथून पांखरें येऊन ती सांगतात. पंचांगाचें काम पांखरांकडे!

नद्यांची गोष्ट तर त्यांच्या लग्नांत गातात. रोंगन्यू म्हणजे तीस्ता ही स्त्री आणि रंगीत हा पुरुष. आपल्याकडे शोण, ब्रह्मपुत्र हे जसे नद, तसाच तो. दोघांनीं हिमालयांतून निघून खालीं भेटावयाचें ठरविलें. तिला वाट दाखवावयास सर्प होता, त्याला पक्षी. सर्पानें तिला वेळेवर आणून पोंचविलें. पक्षी मात्र दाणे टिपीत, इकडे तिकडे उडत राहिला, आणि रंगीत उशिरां पोंचला. ती आधींच येऊन बसलेली पाहून तो चकित होऊन म्हणाला, "थी-सा-था?" म्हणजे 'तूं केव्हां आलीस?' तेंच तिचें नांव झालें, असें लेपचा सांगतात. (संस्कृताचे अभिमानी तीस्तेला 'त्रिस्रोता' म्हणतात. मीही तसेंच म्हणत असें. पण गोष्ट म्हणून मला ही व्युत्पत्ति अधिक गोड वाटते.) रंगीताचा अभिमान दुखावला, तो माघारा फिरला, पाणी तुंबलें, पृथ्वी बुडाली, आणि माणसें तेंडोंग डोंगरावर चढून बसलीं. अखेरीस एका पांखरानें चीचा नैवेद्य दाखवून देवाची करुणा भाकली, तेव्हां पूर ओसरला. मनूची नौका उत्तरगिरीला बांधली गेली ही शतपथ ब्राह्मणांतील कथा वाचकांना आठवेल. सिक्कीमांत दर वर्षीं ८ ऑगस्टला 'तेंडोंग ल्हो रुम फात' ह्या उत्सवांत तेंडोंगाची पूजा होते. रुसलेल्या रंगीताची समजूत पुढें तीस्तेनें काढली, आणि दार्जिलिंग व कालिंपोंग यांच्या मध्यें आजही दोघें एकत्र होऊन मैदानाकडे जातात.

आतां ज्या नदीला ते आपली वाट समजतात, तिच्यावर धरणें बांधावयाची ठरलीं, तेव्हां काय झालें तें सांगितलें पाहिजे. तीस्ता व तिच्या उपनद्या यांवर वीज उत्पन्न करण्याच्या अनेक योजना निघाल्या, त्यांपैकीं कांहीं थेट झोंगूंत. २० जून २००७ रोजीं लेपचा तरुणांनीं गंगटोक येथें उपोषणाचा सत्याग्रह आरंभिला. पहिलें उपोषण ६३ दिवस चाललें. ज्यांना भांडणें येत नाहीं असें गोरर सांगतो, त्यांनीं भांडण्याची हीच रीत निवडावी ह्यांत नवल नाहीं. झोंगूंतील सर्वच लोक त्यांच्या बाजूचे होते असेंही नाहीं. नोकरी, रस्ता, मोबदला हवा म्हणणारींही घरें होतीं, आणि एकाच कुळांत दोन पक्ष पडले. माझ्या मतें तेंही समजून घेण्यासारखें आहे. वेलचीला रोग पडून मळा बसला म्हणजे पोट काय शिखराकडे पाहून भरतें? शेवटीं झोंगूंतील चार योजना सरकारनें रद्द केल्या. कांहीं राहिल्या.

वरच्या अंगाला चुंगथांग येथें तीस्तेवर १२०० मेगावॅट विजेसाठीं बांधलेलें मोठें धरण मात्र पुरें झालें होतें. ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्रीं हिमनदीखालचें दक्षिण ल्होनक सरोवर फुटलें, आणि तो लोंढा येतांच धरण वाहून गेलें. खालचे पूल गेले, घरें गेलीं, कित्येक माणसें गेलीं. झोंगूचा रस्ताही तुटला. लेपचांच्या म्हाताऱ्यांना ह्यांत तुंबलेल्या रंगीताची गोष्ट आठवली असेल काय, हा विचार माझ्या मनांत कितीदां तरी आला.

भाषेविषयीं लिहिल्यावांचून माझ्यासारख्या मास्तराला राहवणार नाहीं. लेपचांना स्वतःची लिपि आहे. ती अठराव्या शतकाच्या आरंभीं राजा चाकदोर नामग्याल यानें करविली असें सामान्यतः सांगतात. लेपचा स्वतः मात्र ती थिकुंग मेन सालोंग ह्या आपल्या पूर्वज पंडिताची मानतात. तिची एक मौज अशी कीं, शब्दाच्या शेवटीं येणारें म्, न्, क्, त् असलें व्यंजन पुढें न लिहितां आपल्या अनुस्वारासारखी खूण करून अक्षराच्या माथ्यावर ठेवतात. मेनवेअरिंग नांवाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें १८७६ सालीं ह्या भाषेचें व्याकरण छापलें. लेपचा ही जगांतील अतिप्राचीन भाषा, असें त्यानें प्रेमाच्या भरांत लिहून टाकलें. विद्वानांनीं तें मानलें नाहीं. पण भाषेवर असें आंधळें प्रेम करणारा माणूसच तिचा कोश करीत बसतो. त्याच्या मृत्यूनंतर तो कोश ग्रुनवेडेल ह्या जर्मन पंडितानें पुरा करून १८९८ सालीं बर्लिनला प्रसिद्ध केला. कालिंपोंगचे सोनम त्शेरिंग लेपचा ह्यांनीं गाणीं, वाद्यें आणि जुन्या पोथ्या गोळा करण्यांत सारा जन्म घालविला. २००७ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०२० सालीं ते वारले. सिक्कीमच्या शाळांतून लेपचा भाषा शिकवितात. परंतु बाजारांत, मैदानावर, मित्रांत मुलें नेपाळी बोलतात, आणि घरीं आल्यावर आजीच्या प्रश्नाला उत्तरही पुष्कळदां नेपाळींतच देतात.

हें लिहितांना माझी नजर सारखी माळ्याकडे जात होती. तेथें पणजोबांच्या हातचें एक मोडी दप्तर, लाल फडक्यांत बांधलेलें, पडून आहे. वडिलांना तें वाचतां येत असे. त्यांनीं मला दोनदां शिकवावयास घेतलें, आणि दोन्ही वेळां मी संस्कृताच्या परीक्षेची सबब सांगून उठलों. आमच्याच घरचे कागद, आमचीच भाषा, आणि मला त्यांतील एक ओळ लागत नाहीं. त्यांत कुळाचा हिशेब आहे, कीं नुसतीं देण्याघेण्याचीं खातीं आहेत, हेंही मी सांगूं शकत नाहीं.

लेपचा मुळाक्षरें क, क्ल, ख, ग, ग्ल, ङ अशीं चालतात. 'क्ल' हें तेथें जोडाक्षर नव्हे, स्वतंत्र अक्षर. मीं तीं नातवाला पाटीवर काढून दाखविलीं, तो तीं दोन दिवस गिरवीत होता, आणि "आजोबा, आपल्याकडे हा क्ल निराळा कां नाहीं?" म्हणून मला पुन्हां त्यानें निरुत्तर केलें. मसाला कुटून बरण्यांत भरला गेला आहे. मीं दप्तर खालीं काढून, धूळ झटकून, देवघराशेजारच्या कोनाड्यांत ठेवलें आहे. आमच्या गांवांत मोडी शिकविणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत; येत्या गुरुवारपासून नातू आणि मी त्यांच्याकडे जाणार आहों.